सही न झालेला तह

1898 सालच्या डिसेंबरच्या 10 तारखेस पॅरिस येथे स्पेन आणि अमेरिका यांच्यामध्ये जो तह झाला, त्याने क्यूबा बेटावरील स्पेनचा चार शतकांचा अंमल संपुष्टात आणला. परंतु ज्या क्यूबन लोकांनी 1868 पासून, मधले विराम धरून, तीस वर्षे त्या अंमलाविरुद्ध आपले रक्त सांडले होते, त्यांच्या एकाही प्रतिनिधीला त्या तहाच्या बैठकीत स्थान मिळाले नाही. एका परक्या सत्तेने मुलूख सोडला, दुसरीने तो ताब्यात घेतला आणि ज्यांचा तो मुलूख होता ते दाराबाहेर उभे राहिले. 1902 मध्ये क्यूबाचे प्रजासत्ताक विधिपूर्वक अस्तित्वात आले खरे. पण त्याच्या राज्यघटनेला अमेरिकेने 1901 च्या प्लॅट दुरुस्तीचे जे शेपूट जोडावयास लावले होते, त्यान्वये क्यूबाच्या कारभारात सैन्यानिशी हस्तक्षेप करण्याचा अधिकार वॉशिंग्टनने स्वतःकडे राखून ठेवला होता. 1903 मध्ये ग्वांतानामोचा उपसागर आरमारी तळासाठी भाडेपट्ट्याने घेण्यात आला. 1934 मध्ये प्लॅट दुरुस्ती रद्द झाली. भाडेपट्टा मात्र राहिला आणि उभय पक्षांच्या संमतीवाचून तो संपू नये अशी तजवीजही त्याच वर्षीच्या नव्या तहात करण्यात आली.

ही जुनी हकीकत आरंभीच सांगण्याचे कारण असे की, फिडेल कास्त्रो यांनी पुढे सोव्हिएत संघाशी जे लष्करी सख्य जोडले, त्याचा विचार बहुधा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह या दोन महापुरुषांच्या बुद्धिबळाचा डाव म्हणूनच केला जातो, आणि त्या पटावर क्यूबा हे केवळ एक घर ठरते. क्यूबाच्या बाजूने पाहणाऱ्यास तीच कथा निराळी दिसते. जगातील एका महासत्तेने एका लहान बेटावर चाळीस हजारांहून अधिक सैनिक आणि अण्वस्त्रे उतरविली. त्यासंबंधीचा तहनामा लिहिला गेला, त्याचा मसुदा दुरुस्त झाला, त्यावर आद्याक्षरे पडली. पण ज्या दोन माणसांच्या सह्यांनी त्याला तहाचे स्वरूप यावयाचे होते, त्या सह्या कधीच झाल्या नाहीत. एवढे प्रचंड सैन्य ज्या कागदाच्या आधारावर उभे होते तो कागद कोरा राहिला, आणि त्या कोरेपणाची किंमत क्यूबाने मोजली, असे माझे मत आहे.

कास्त्रो हे कायद्याचे पदवीधर होते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. 1926 मध्ये बिरान येथे एका संपन्न स्पॅनिश जमीनदाराच्या पोटी जन्मलेल्या या मुलाने हवाना विद्यापीठात वकिलीचे शिक्षण घेतले, आणि 26 जुलै 1953 रोजी सांतियागो येथील मोंकादा बराकीवरील हल्ला फसल्यानंतर न्यायासनापुढे आपली बाजू आपणच मांडली. पंधरा वर्षांची शिक्षा, 1955 मधील माफी, मेक्सिकोतील अज्ञातवास, 82 माणसे दाटीवाटीने बसवून ‘ग्रान्मा’ या लहानशा नौकेतून 1956 च्या डिसेंबरात केलेले अवतरण, आणि सिएरा माएस्त्राच्या डोंगरांतील दोन वर्षांचा गनिमी कावा, हा भाग सुपरिचित आहे. 1 जानेवारी 1959 च्या पहाटे हुकूमशहा बातिस्ता देश सोडून पळाला. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की या संग्रामात मॉस्कोचा हात नव्हता. क्यूबातील जुन्या कम्युनिस्ट पक्षाने तर मोंकादाच्या हल्ल्याची आततायी साहस म्हणून निर्भर्त्सना केली होती. डोंगरांतून उतरलेल्या दाढीवाल्या तरुणांचा क्रेमलिनला फारसा परिचयही नव्हता.

मग सख्य जुळले ते कसे? त्याचा उगम तत्त्वज्ञानात शोधण्यापेक्षा साखरेत, तेलात आणि दारूगोळ्यात शोधावा. क्यूबाची निर्यात म्हणजे मुख्यतः साखर आणि तिचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे अमेरिका. 17 मे 1959 च्या जमीन सुधारणेच्या कायद्याने मोठ्या जमीनदारीवर सुमारे 400 हेक्टरांची मर्यादा घातली, तेव्हा अमेरिकन साखर कंपन्यांच्या जमिनी त्या कायद्याच्या कक्षेत आल्या आणि वितुष्टास आरंभ झाला. 1960 च्या फेब्रुवारीत सोव्हिएत उपपंतप्रधान अनास्तास मिकोयान हवानास आले. त्यांनी त्या वर्षी 4,25,000 टन आणि पुढील चार वर्षे दरसाल 10 लाख टन साखर घेण्याचा, तसेच 10 कोटी डॉलर्सचे कर्ज अडीच टक्के व्याजाने देण्याचा करार केला. त्यानंतर क्यूबात सोव्हिएत कच्चे तेल येऊ लागले. अमेरिकन आणि ब्रिटिश कंपन्यांनी ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास नकार दिला, कास्त्रो यांनी ते कारखाने ताब्यात घेतले, अमेरिकेने साखरेच्या कोट्यातून सात लाख टन कापले, आणि प्रत्येक आघातास प्रत्याघात मिळत मिळत वर्ष संपण्याच्या आत जुना व्यवहार पार मोडून पडला.

शस्त्रांचे तसेच झाले. क्रांतीनंतरच्या पहिल्या वर्षात क्यूबाने बंदुका आणि दारूगोळा बेल्जियममध्ये खरेदी केला. हे व्यवहार घडू नयेत म्हणून वॉशिंग्टनने युरोपातील आपल्या मित्रराष्ट्रांवर दडपण आणले. 4 मार्च 1960 रोजी बेल्जियन दारूगोळा घेऊन आलेले ‘ला कूब्र’ नावाचे फ्रेंच जहाज हवानाच्या बंदरात स्फोट होऊन उद्ध्वस्त झाले. पहिल्या स्फोटानंतर मदतीस धावलेल्या लोकांवर दुसरा स्फोट कोसळला, आणि शंभराच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. या घटनेमागे अमेरिकेचा हात असल्याचा आरोप कास्त्रो यांनी केला. तो सिद्ध झालेला नाही. परंतु पश्चिमेकडून शस्त्रे मिळण्याची वाट बंद झाल्याचा निष्कर्ष त्या दिवसानंतर हवानात पक्का झाला, आणि त्याच वर्षाच्या शरदऋतूत पूर्व युरोपातून रणगाडे आणि तोफा येऊ लागल्या.

त्याच सप्टेंबरात कास्त्रो संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिवेशनासाठी न्यूयॉर्कला गेले, आणि मध्यवस्तीतील हॉटेलशी खटका उडाल्यावर हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील ‘थेरेसा’ हॉटेलात उतरले. ख्रुश्चॉव्ह त्यांना भेटण्यास तेथे स्वतः गेले. वयाने आणि देहाने इतका भिन्न असलेला हा वृद्ध आणि तो सहा फुटांहून उंच तरुण यांची ती पहिली गळाभेट छायाचित्रांमधून जगभर गेली. आपले पंडित नेहरूही त्याच हॉटेलात जाऊन कास्त्रो यांना भेटले, आणि या भेटीचे स्मरण कास्त्रो यांनी पुढे आयुष्यभर कृतज्ञतेने ठेवले. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, बलाढ्य शेजाऱ्याच्या नगरात तिरस्कार सोसत असता, एका वडीलधाऱ्या मुत्सद्द्याने आपण होऊन दार ठोठवावे याचे मोल त्यांना ठाऊक होते.

1961 च्या एप्रिलात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने शिकवून तयार केलेले सुमारे 1,400 क्यूबन निर्वासित पिग्सच्या उपसागरात उतरले, आणि तीन दिवसांत त्यांचा पूर्ण पराभव झाला. अवतरणाच्या आदल्या दिवशी, विमानहल्ल्यात मारल्या गेलेल्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी, कास्त्रो यांनी आपल्या क्रांतीस प्रथमच उघडपणे समाजवादी म्हटले. या शब्दाने त्यांनी मॉस्कोवर एक अलिखित बंधन लादले, असे मला वाटते. समाजवादी म्हणविणारे राष्ट्र अमेरिकेच्या हातून चिरडले जात असता सोव्हिएत संघ स्वस्थ बसला, तर चीन काय म्हणेल आणि जगभरचे पक्ष काय म्हणतील, ही चिंता ख्रुश्चॉव्ह यांस तेव्हापासून सतावू लागली. पराभवाने डिवचलेल्या अमेरिकेने नोव्हेंबरात क्यूबाविरुद्ध घातपाताची गुप्त मोहीम हाती घेतली, 1962 च्या जानेवारीत क्यूबास अमेरिकन राष्ट्रांच्या संघटनेतून बाहेर काढविले, आणि फेब्रुवारीत व्यापारावर संपूर्ण बंदी घातली. दुसरी स्वारी येणार, आणि ती अमेरिकन सैन्याचीच असणार, याविषयी हवानात शंका उरली नाही.

1962 च्या मे महिन्यात बल्गेरियाच्या दौऱ्यावर असता ख्रुश्चॉव्ह यांच्या मनात क्यूबामध्ये क्षेपणास्त्रे ठेवण्याची कल्पना बळावली. क्यूबाचे रक्षण हा तिचा एक हेतू होता आणि तो खोटा नव्हता. दुसरा हेतू असा की, तुर्कस्तानात आणि इटलीत अमेरिकेची क्षेपणास्त्रे सोव्हिएत सीमेच्या उंबरठ्याशी उभी होती, आणि दूरपल्ल्याच्या अस्त्रांत अमेरिका फार पुढे होती. अमेरिकेच्या अंगणातच मध्यमपल्ल्याची अस्त्रे नेऊन ठेवल्यास ही तफावत एका झटक्यात भरून निघणार होती. मेच्या अखेरीस शेतकी शिष्टमंडळाच्या मिषाने सोव्हिएत प्रतिनिधी शराफ रशिदोव हवानास पोहोचले. त्यांच्यासमवेत ‘इंजिनियर पेत्रोव’ असे नाव धारण केलेले मार्शल बिर्युझोव होते.

कास्त्रो यांनी दिलेले उत्तर मननीय आहे. प्रश्न केवळ क्यूबाच्या रक्षणाचा असता तर ही अस्त्रे आम्ही घेतली नसती, कारण त्यांच्यामुळे परकीयांचा तळ असे आमच्या देशाचे चित्र लॅटिन अमेरिकेत उभे राहील. परंतु समाजवादी राष्ट्रांच्या सामर्थ्यात त्याने भर पडत असेल तर आमचे कर्तव्य म्हणून आम्ही ती घेऊ, अशा आशयाचा त्यांचा निर्णय होता. वसईच्या तहापासून तैनाती फौज म्हणजे काय हे ज्यांच्या रक्तात भिनले आहे, त्या आपल्या मराठी माणसांना या सावधपणाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. याचक म्हणून फौज स्वीकारणारा आश्रित होतो. भागीदार म्हणून स्वीकारणाऱ्यास निदान मान राखता येतो. आणि भागीदारी म्हटली की तिचा कागद हवा.

तो कागद जुलैमध्ये मॉस्कोत तयार झाला. कास्त्रो यांचे बंधू राऊल आणि सोव्हिएत संरक्षणमंत्री मार्शल मालिनोव्स्की यांनी त्यावर आद्याक्षरे घातली. मुदत पाच वर्षांची होती. हवानात तो मसुदा आल्यावर कास्त्रो यांनी तो स्वतःच्या हाताने दुरुस्त केला. मूळ मथळा सोव्हिएत सैन्याच्या क्यूबन भूमीवरील तैनातीसंबंधी होता. तो बदलून त्यांनी परचक्र आल्यास क्यूबाच्या राष्ट्रीय भूमीच्या संरक्षणासाठी लष्करी सहकार्य असा केला. एका मथळ्यातील हा फरक क्षुल्लक नव्हे. पहिल्या मथळ्यात सैन्य हा कर्ता आणि क्यूबा ही केवळ जागा. दुसऱ्यात क्यूबाचे संरक्षण हा हेतू आणि सैन्य हे त्याचे साधन. ऑगस्टच्या अखेरीस क्यूबातर्फे चे गव्हेरा आणि एमिलिओ आरागोनेस हा दुरुस्त मसुदा घेऊन ख्रुश्चॉव्ह यांच्याकडे गेले आणि त्यांनी एकच आग्रह धरला, तो हा की तह जगासमोर जाहीर करावा.

हा आग्रह न्याय्य होता असे मी निःसंकोच म्हणतो. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार सार्वभौम राष्ट्राला मित्रराष्ट्राची शस्त्रे आपल्या भूमीवर ठेवण्याचा अधिकार आहे. तुर्कस्तानने आणि इटलीने तो उघडपणे बजावला होता. जे कायदेशीर आहे ते चोरून केले की चोरीचे दिसू लागते, आणि मग उघडकीस येताच कृत्याच्या गुणदोषांपेक्षा लपवाछपवीचीच चर्चा होते. ख्रुश्चॉव्ह यांनी मात्र नोव्हेंबरातील अमेरिकन निवडणुका होईपर्यंत गुप्तता पाळावी, मग आपण हवानास येऊन समारंभपूर्वक सही करू, असे ठरविले. मधल्या काळात बिंग फुटले तर काय, या प्रश्नावर बाल्टिक आरमार पाठवू असे उत्तर त्यांनी दिल्याचे आरागोनेस यांनी पुढे सांगितले. चे गव्हेरा रिकाम्या हातांनी परतले.

इकडे जहाजे निघाली होती. मोहिमेस ‘अनादीर’ हे नाव होते. सैबेरियाच्या अतिपूर्व टोकाकडील एका नदीचे हे नाव शत्रूस, तसेच खुद्द सैनिकांसही, चकविण्यासाठी निवडण्यात आले. काही तुकड्यांना बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या आणि लोकरीचे कोट वाटण्यात आले. प्रत्यक्षात ते निघाले होते उष्ण कटिबंधाकडे. जहाज ठरावीक ठिकाणी पोहोचेपर्यंत कप्तानासही मोहोरबंद लखोटा फोडण्याची मनाई होती. वरच्या मजल्यावर ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारे दिसत. खाली, ताडपत्रीने झाकलेल्या झडपांखाली, शेकडो तरुण सैनिक दिवसेंदिवस कोंडलेले असत. तेथील उष्णता पन्नास अंशांजवळ जाई, अन्न नासे, माणसे मळमळीने व्याकुळ होत, आणि केवळ रात्री थोड्या थोड्यांना वर येऊन मोकळा श्वास घेण्याची परवानगी मिळे. बंदरात उतरताना त्यांच्या अंगावर लष्करी पोषाख नव्हता. साधे नागरी कपडे होते आणि त्यांत चौकड्यांचे सदरे इतके की, ते सैनिक आपल्या मोहिमेस विनोदाने ‘चौकडीच्या सदऱ्यांची मोहीम’ म्हणू लागले. अशा रीतीने सुमारे 42,000 सोव्हिएत सैनिक क्यूबात आले. सुमारे 2,000 किलोमीटर पल्ल्याची आर-12 जातीची 36 क्षेपणास्त्रे आली. त्याहून दुप्पट पल्ल्याची आर-14 वाटेतच राहिली. नारळी-ताडांच्या झाडांमध्ये अस्त्रे लपतील असा अहवाल बिर्युझोव यांनी मॉस्कोस दिला होता. वीस-बावीस मीटर लांबीचे नळकांडे, त्याचा ओटा, इंधनाच्या गाड्या आणि तंबूंची वस्ती त्या विरळ झाडांत लपणे अशक्य होते.

14 ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-2 विमानाने सान क्रिस्तोबालजवळील तळाची छायाचित्रे घेतली. 22 तारखेस केनेडी यांनी जगासमोर भाषण करून नाकेबंदी जाहीर केली. पुढील सहा दिवसांचा वृत्तांत अनेक ग्रंथांत आला आहे, म्हणून त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. आपल्या देशाचे लक्ष त्या दिवसांत दुसरीकडेच होते, कारण 20 ऑक्टोबरला चीनने आपल्या सीमेवर आक्रमण केले होते. तरीही क्यूबाचा धक्का आपल्यापर्यंत पोहोचलाच. अमेरिकेशी युद्ध जुंपण्याचा संभव दिसताच मॉस्कोस पेकिंगची मर्जी राखणे अगत्याचे वाटले, आणि 25 ऑक्टोबरच्या ‘प्रावदा’ने चीनच्या प्रस्तावांची पाठराखण केली. क्यूबाचा प्रश्न मिटल्यावर, नोव्हेंबरच्या आरंभी, त्याच पत्राचा सूर पुन्हा मवाळ झाला.

हवानात त्या संकटाच्या दिवसांत काय चालले होते हे मात्र पाहिले पाहिजे. 26 ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर कास्त्रो सोव्हिएत वकिलातीत आले आणि राजदूत अलेक्सेयेव यांच्यासमवेत बसून ख्रुश्चॉव्ह यांना पत्र लिहू लागले. शब्द निवडता निवडता, खोडता आणि पुन्हा सांगता सांगता पहाट झाली. हल्ला येत्या 24 ते 72 तासांत होईल; तो विमानांचा असण्याचा संभव अधिक; परंतु जर अमेरिकेने क्यूबा जिंकण्यासाठी सैन्य उतरविलेच, तर त्यानंतर अणुयुद्धाचा पहिला घाव घालण्याची संधी तिला कदापि मिळू देऊ नये, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. आम्ही मरावयास सिद्ध आहोत, पण आमचे मरण व्यर्थ जाऊ नये, अशी त्यामागील भावना होती. त्या भावनेतील धैर्य मी नाकारीत नाही. पण हा सल्ला भयंकर होता, आणि सत्तर लाख क्यूबन लोकांच्या वतीने तो देण्याचा अधिकार कोणत्याही नेत्यास नसतो. ख्रुश्चॉव्ह यांनी त्याचा अर्थ प्रथम आघाताची मागणी असाच केला आणि ते हादरले. 27 तारखेस बानेसच्या आकाशात एक यू-2 विमान सोव्हिएत अस्त्राने पाडण्यात आले, त्याचा वैमानिक ठार झाला. आणि तो हुकूम मॉस्कोचा नसून क्यूबातील सोव्हिएत सेनाधिकाऱ्यांनी परस्पर दिलेला होता. लगाम हातातून सुटत असल्याची ही खूण होती.

28 ऑक्टोबरला ख्रुश्चॉव्ह यांनी अस्त्रे परत नेण्याचा निर्णय मॉस्को नभोवाणीवरून जाहीर केला. वेळ इतकी थोडी होती की गुप्त खलित्यासाठीही अवकाश नव्हता, असे त्यांचे समर्थन होते. कास्त्रो यांना ही वार्ता वृत्तसंस्थेच्या तारेवरून, एका संपादकाने दूरध्वनी करून सांगितल्यावर कळली. ज्यांच्या भूमीवर ती अस्त्रे उभी होती त्यांना विचारण्यात आले नव्हते. 1898 च्या पॅरिसची आठवण या क्षणी एखाद्या क्यूबन माणसास आली नसती तरच नवल. सही झालेला तह हाती असता तर अस्त्रे राहिली असती असे मी म्हणत नाही, आणि ती गेली हे मानवजातीचे भाग्य होय. परंतु तो असता तर सल्लामसलतीचे कलम दाखवून क्यूबाला वाटाघाटीच्या मेजावर जागा मागता आली असती. आता त्याला फक्त रागावता आले. त्याच दिवशी कास्त्रो यांनी आपल्या पाच मागण्या जाहीर केल्या: आर्थिक बहिष्कार उठवावा, घातपात थांबवावेत, चाचेगिरीचे हल्ले बंद करावेत, हवाई हद्दीचा भंग करू नये, आणि ग्वांतानामोचा तळ क्यूबास परत द्यावा. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट तपासणीसाठी अनुमती मागण्यास हवानास आले, तेव्हा कास्त्रो यांनी ती साफ नाकारली. अखेर क्षेपणास्त्रांची मोजदाद क्यूबाच्या भूमीवर न होता, भर समुद्रात, जहाजांवरील ताडपत्र्या दूर सारून करण्यात आली.

मित्राची समजूत घालण्याचे काम मिकोयान यांच्याकडे आले. 66 वर्षांचा हा मुत्सद्दी 2 नोव्हेंबरला हवानास उतरला तेव्हा मागे मॉस्कोत त्याची पत्नी मरणोन्मुख होती. दुसऱ्या दिवशी कास्त्रो यांच्याशी पहिली गंभीर बैठक चालू असतानाच तिच्या निधनाची वार्ता आली. बैठक थांबली, मिकोयान यांनी बरोबर आलेल्या मुलास अंत्यविधीसाठी परत पाठविले आणि आपण मागे राहिले. हा प्रसंग वाचताना मन गलबलते. समोरासमोर बसलेले दोघेही आपापल्या परीने दुखावलेले, आणि तरीही कर्तव्याच्या शिस्तीने एकमेकांशी बोलत राहिलेले. तीन आठवडे मिकोयान तेथे होते, आणि त्या तीन आठवड्यांत क्यूबाच्या पदरातून एकेक वस्तू काढून घेण्यात आली. अमेरिकेच्या आग्रहावरून आयएल-28 बॉम्बफेकी विमानेही परत गेली. अमेरिकेस पत्ताही नव्हता अशी जवळजवळ शंभर लहानपल्ल्याची अण्वस्त्रे अजून बेटावर होती. ती तरी राहू द्यावीत अशी कास्त्रो यांची विनंती होती. अणुशस्त्रे परराष्ट्राच्या हाती देण्यास मनाई करणारा एक अप्रकाशित कायदा आमच्याकडे आहे, असे मिकोयान यांनी 22 नोव्हेंबरला सांगितले. असा कायदा नव्हता. क्यूबात अशी अस्त्रे होती हे तत्कालीन अमेरिकन संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी थेट 1992 मध्ये, हवानातील एका परिषदेत ऐकले, आणि ते अवाक् झाले; अमेरिकन सैन्य त्या ऑक्टोबरात किनाऱ्यावर उतरले असते तर त्याची गाठ या अस्त्रांशी पडली असती.

1963 च्या वसंतात कास्त्रो यांचा सोव्हिएत संघात राजासारखा सत्कार झाला. महिन्याहून अधिक काळ ते त्या विशाल देशात हिंडले. ख्रुश्चॉव्ह केनेडींशी झालेला पत्रव्यवहार त्यांना वाचून दाखवीत असता तुर्कस्तानातील अमेरिकन क्षेपणास्त्रे हलविण्याचा उल्लेख ओघात येऊन गेला, आणि आपल्या बेटावरील अस्त्रांचा सौदा दुसऱ्या एका देशातील अस्त्रांशी झाल्याचे आपल्याला तेव्हा कळले, असे कास्त्रो यांनी पुढे सांगितले.

तरीही सख्य तुटले नाही. क्यूबाला ते तोडणे परवडण्यासारखे नव्हते आणि मॉस्कोस शोभण्यासारखे नव्हते. शस्त्रे येत राहिली, आणि त्यांची किंमत मागितली गेली नाही. एक सोव्हिएत ब्रिगेड बेटावर ठेवण्यात आली. तिची संख्या दोन-तीन हजारांची, म्हणजे लढून जिंकण्याइतकी नव्हे, पण तिच्यावर हात टाकणाऱ्यास मॉस्कोचा विचार करावा लागेल इतकी होती. संरक्षणाचा विधिवत तह मात्र झाला नाही. येथे सहज एक तुलना सुचते: अलिप्ततेचे व्रत घेतलेल्या आपल्या भारताने 9 ऑगस्ट 1971 रोजी सोव्हिएत संघाशी जो करार केला, त्यात आक्रमणाचा धोका उद्भवल्यास परस्परांशी सल्लामसलत करण्याचे नववे कलम होते आणि खाली उघड सह्या होत्या. समाजवादी गटाचा एकनिष्ठ सदस्य गणल्या गेलेल्या क्यूबाजवळ तेवढेही नव्हते. 1968 च्या ऑगस्टात सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा कास्त्रो यांनी, अनेक चाहत्यांचा हिरमोड करून, त्या कृतीचे समर्थन केले. परंतु त्याच भाषणात त्यांनी विचारले की, अमेरिकेने क्यूबावर स्वारी केली आणि आम्ही मागणी केली, तर वॉर्सा कराराच्या पलटणी आमच्याकडेही येतील काय? त्या समर्थनाची बाजू मला पटत नाही; प्रश्न मात्र त्यांच्या सहा वर्षांच्या मनस्तापातून आलेला होता. त्याचे उत्तर त्यांना मिळाले नाही. मिळाले ते फार उशिरा आणि खाजगीत: 1980 च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत नेतृत्वाने राऊल कास्त्रो यांना सांगितले की क्यूबासाठी आम्ही लढू शकणार नाही, कारण तुम्ही फार दूर आहात. ही गोष्ट राऊल यांनी 1993 पर्यंत गुप्त ठेवली होती. शत्रूला ती कळू देणे म्हणजे त्याला आमंत्रण देणे होते.

या अनुभवातून कास्त्रो खचले नाहीत. त्यांनी आपल्या पायावर चालण्याचा सराव केला. 1975 च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेचे सैन्य अंगोलात घुसले तेव्हा नोव्हेंबरात क्यूबन पलटणी त्या देशाच्या मदतीस मॉस्कोच्या पूर्वसंमतीवाचून, जुन्या ब्रिटानिया विमानांतून आणि मालवाहू जहाजांतून गेल्या. सोव्हिएत विमाने मागाहून आली. सोव्हिएत शस्त्रे आणि क्यूबन निर्णय अशी ती वाटणी होती. पुढे 1988 मध्ये तेथील क्यूबन सैन्य 50,000 च्या वर गेले, सुमारे 2,000 क्यूबन त्या दीर्घ मोहिमेत कामी आले, आणि त्याच वर्षीच्या 22 डिसेंबरला नामिबियाच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा करणाऱ्या न्यूयॉर्कच्या करारावर क्यूबाने अंगोला आणि दक्षिण आफ्रिका यांच्या बरोबरीने सही केली. पॅरिसमध्ये ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांच्या नातवंडांना अखेर मेजावर जागा मिळाली, आणि ती त्यांनी स्वबळावर मिळविली.

सोव्हिएत संघाशी असलेल्या सख्याचा शेवट मात्र पूर्वीच्याच रीतीने झाला. 11 सप्टेंबर 1991 रोजी मॉस्कोत, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर शेजारी असता, गोर्बाचेव्ह यांनी क्यूबातील सोव्हिएत ब्रिगेड परत बोलावीत असल्याचे वार्ताहरांना सांगितले. हवाना सरकारचा सल्ला आधी घेण्यात आला नव्हता. त्याने निषेध नोंदविला, आणि रशियन सैन्य निघणार असेल तर ग्वांतानामोतून अमेरिकन सैन्यानेही निघावे असे म्हटले. 1993 मध्ये ब्रिगेडचे अखेरचे सैनिक जहाजावर चढले. ग्वांतानामोच्या भाड्यापोटी अमेरिका दरसाल 4,085 डॉलर्सचा धनादेश पाठवीत आली. क्रांतीच्या पहिल्या वर्षी वटला तो सोडून बाकीचे कास्त्रो यांनी वटविले नाहीत. तो तळ अजून अमेरिकेच्या ताब्यात आहे.